उचकी

"तुझ्या तंबोऱ्याला उचकी लागलीय रे," असं आत्याने फोनवर सांगितलं आणि ती कैऱ्यांच्या भावाकडे वळली. मी मात्र त्या एका वाक्यात पुढचे सात-आठ महिने अडकून पडलो.

तंबोरा म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम. आत्या मिरजेला असते, गाणं शिकवते. तिचा खरा तंबोरा मिरजेतच घडलेला, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा. पण खांदा आखडल्यापासून तो भिंतीशी कापडी गवसणीत उभा आहे. बाजारातला इलेक्ट्रॉनिक तंबोरा तिने वर्षभर वापरला, त्याला ती 'डबा' म्हणायची. फोनवरची ॲपं तिला पटली नाहीत. त्यात कुणाचा तरी तंबोरा रेकॉर्ड करून फिरवत ठेवलेला असतो आणि काही सेकंदांनी तोच तुकडा परत येतो, हे तिला कळतं. मला कळत नाही, तिला कळतं. तेव्हा दिवसभर पुण्यात बँकांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर लिहिणारा मी बोलून बसलो, की तुला तारच करून देतो. रेकॉर्डिंग वगैरे काही नको, गणितातून निघणारी तार.

हे वाटतं तितकं अवघड नसतं. केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली छेडलेल्या तारेची एक फार सोपी कृती प्रसिद्ध केली. आकड्यांची एक रांग घ्यायची आणि तिच्यात सुरुवातीला निव्वळ गोंगाट भरायचा, म्हणजे मनाला येतील ते आकडे. मग रांगेतला पहिला आकडा वाजवायचा, त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची सरासरी काढून ती रांगेच्या शेपटाला नेऊन उभी करायची. मग पुढचा आकडा. झालं. रांग किती लांब यावर स्वर ठरतो. आत्याची पट्टी काळी चार, म्हणजे तिच्या जोडाची, मधल्या षड्जाची, तार सेकंदाला साधारण २०८ आंदोलनं घेणार. संगणक सेकंदाला ४४,१०० आकडे वाजवत असेल तर रांगेत सुमारे २१२ आकडे हवेत. ते गोल गोल फिरत राहतात, दर फेरीला थोडे झिजतात, आणि कानाला वाटतं की तार छेडली आणि ती विरत गेली. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी बायकोला उठवलं. तिने ऐकलं, "छान आहे" म्हणाली आणि कूस बदलली.

(हा ४४,१०० आकडा कुठून आला? डिजिटल आवाज सुरुवातीला व्हिडिओ टेपवर साठवत. सेकंदाला ६० वेळा २४५ रेषा, रेषेत ३ आकडे. करा गुणाकार.)

जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची ती झंकारती गुणगुण, गणितात आणायला दोन महिने गेले. ती वेगळी कहाणी आहे आणि तिच्यात माझं फारसं कौतुक नाही.

तर उचकी. मला ती ऐकूच येईना. दिवसा, घरात मिक्सर चालू, लॅपटॉपचे पत्र्यासारखे स्पीकर. ऐकू येणार कुठून? एका रात्री पंखा बंद केला, हेडफोन घातले आणि डोळे मिटून बसलो. बाराव्या मिनिटाला सापडली. टक्. कुणी तंबोऱ्यामागे बसून नखाने टेबलावर टिचकी मारावी तशी. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोन.

ही टिचकी काय असते ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची माळ आणि स्पीकरचा पडदा त्या आकड्यांबरहुकूम पुढेमागे हलतो. आवाज कमी करायचा तर प्रत्येक आकड्याला एकाहून लहान कशाने तरी गुणायचं. अर्ध्याने गुणलं की सहा डेसिबल उतरले, शून्याने गुणलं की गप्प. इथवर पाचवीतल्या मुलालाही जमेल. समजा पडदा आपल्या फेऱ्यात ०.७ वर आहे आणि नेमकं तेव्हाच मी म्हणालो, शून्य. दोन आकड्यांमधला वेळ जेमतेम २३ मायक्रोसेकंद. तेवढ्यात त्याला ०.७ वरून शून्यावर यायचंय. तो येतो, पण येताना टक् करतो.

गणिताच्या भाषेत असं आहे की हळू होणाऱ्या बदलात फक्त खालच्या कंपनसंख्या असतात, आणि अचानक बदलात खालपासून वरपर्यंत सगळ्या. कड्यासारखा तुटलेला आलेख म्हणजे एका क्षणात म्हटलेली सगळी सप्तकं. मी तंबोऱ्याकडे शांतता मागत होतो आणि शांततेच्या उंबऱ्यावर तो सगळे स्वर एकदम ओकून टाकत होता. आवाजाची पातळी कुठलीही असो, त्याचा कानाला त्रास नाही. एका पातळीवरून दुसरीवर जाण्याचा मात्र स्वतःचा एक आवाज होतो, आणि तो मी कधी हिशेबात धरलाच नव्हता. धरणार कसा? बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक दहा हजारांवरून शून्यावर गेली तर टक् होत नाही. म्हणजे ग्राहकाच्या छातीत होतं, ते सोडा.

पहिला संशय स्लायडरवर गेला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. आवाजाचा स्लायडर माउसने ओढला की प्रोग्रामकडे सेकंदाला फार तर साठेक नव्या किमती येतात. दोन किमतींच्या मधल्या सातशे-आठशे आकड्यांना जुनीच किंमत, मग एकदम नवी. म्हणजे उतार नसून जिना, आणि प्रत्येक पायरीवर एक छोटी टक्. भराभर ओढलं की बॅगेची चेन ओढल्यासारखा 'झर्रर्र' येतो. ध्वनीचं काम करणारे याला झिपर नॉईजच म्हणतात. मी पहिला कच्चा नमुना प्युअर डेटामध्ये, म्हणजे पडद्यावर खोकी जोडून आवाज घडवायच्या प्रोग्राममध्ये, जुळवला होता, त्यात तर ही चूक करायला खास सोय आहे. एका किमतीवरून दुसरीकडे हळू जाण्यासाठी तिथे 'लाइन' नावाची दोन खोकी मिळतात. एकाच्या नावापुढे नागमोडी टिल्ड (~) असतं, ते दर आकड्याला नवी किंमत देतं. बिनटिल्डाचं खोकं एरवी २० मिलिसेकंदांनी एकदा देतं. एक शेपूट विसरलात की चेन सुरू.

आमच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारे होते. शाळेतून येताना मी त्यांच्या दुकानात उगाच बसायचो. जुन्या रेडिओचं व्हॉल्यूम कंट्रोल फिरवलं की खरखर यायची. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली, घासून खड्डे पडलेले, त्यावरून सरकणारा पत्रा उड्या मारत जायचा. ते काका खोलून पट्टी पुसायचे आणि दहा वेळा पुढेमागे फिरवून दाखवायचे. चाळीस वर्षांनी तीच खरखर मी आकड्यांत नव्याने तयार केली होती, आणि तीसुद्धा धुळीचा एक कण नसताना.

उपाय सोपा वाटतो: किंमत एकदम न बदलता दर आकड्याला थोडी थोडी बदला. २० मिलिसेकंद म्हणजे ८८२ आकडे, तर फरकाचे ८८२ तुकडे करा आणि एकेक मिळवत जा. याला रॅम्प म्हणतात. केलं. स्लायडर एकदा हलवला की मखमल. पण ओढत ठेवला की पुन्हा टकटक. चूक सापडायला एक रविवार गेला. आधीचा रॅम्प अर्ध्या वाटेत असताना नवी किंमत आली की माझा कोड नवा रॅम्प आधीच्या 'ठरलेल्या' मुक्कामापासून सुरू करायचा. आवाज मात्र तिथे अजून पोचलेलाच नसायचा. गाडी कामशेतला आहे आणि उद्घोषणा होतेय की ती लोणावळ्याहून सुटतेय. ब्राउझरमध्ये आवाजाचं काम करणारेही याच खड्ड्यात पडतात. तिथे 'इथवर सरळ रेषेत जा' अशी आज्ञा देता येते, पण 'आत्ता इथून' हे आधी नोंदवलं नाही तर रेषा भलत्याच क्षणापासून धरली जाते आणि जे टाळायचं होतं तेच होतं.

म्हणून मग दुसरी रीत. ती शिकताना मला आत्याची पेटी आठवली.

पेटीला दोन भाते असतात. मागचा, जो हाताने हलवतो, तो दिसतो. आत आणखी एक असतो, स्प्रिंगने दाबलेला. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, ती आतल्या भात्यात साठते आणि स्प्रिंगच्या दाबाने सुरांच्या पट्ट्यांकडे जाते. म्हणून हात धक्क्याधक्क्याने हलला तरी सूर सलग राहतो. आतला भाता हाताच्या धक्क्यांची सरासरी काढत असतो. नव्या विद्यार्थ्यांना आत्या सांगते, "भाता उपटू नकोस, पेटीला श्वास घेऊ दे," आणि तरी पोरं उपटतातच, आणि तरी पेटी बऱ्यापैकी सांभाळून घेते.

तीच गोष्ट आकड्यांत एका ओळीत होते. दर आकड्याला बघायचं, जायचंय कुठे आणि आहोत कुठे, आणि उरलेल्या अंतराचा एक ठरावीक बारीक हिस्सा चालायचं. मी साधारण ८८२वा हिस्सा धरला. २० मिलिसेकंदांत ६३ टक्के वाट संपते, ६० मध्ये ९५, १०० मध्ये नव्याण्णवच्या पुढे. मध्येच मुक्काम बदलला तरी बिघडत नाही, कारण ही रीत 'कुठून निघालो' हे लक्षातच ठेवत नाही, फक्त 'आत्ता कुठे' एवढंच बघते. या रीतीवर माझा जीव जडला. सुपरकोलायडर या संगीताच्या प्रोग्रामिंग भाषेत तिला 'लॅग' म्हणतात, सीसाउंड या दुसऱ्या भाषेत 'पोर्ट'. संगीताचा प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी ही ओळ स्वतःच्या हाताने लिहितो, आणि आपणच शोधली असं त्याला दोन दिवस वाटतं.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला.

आणि तोही कधी, तर आवाज पूर्ण बंद केल्यावर. तंबोरा वाजतोय तोवर पंखा शांत. स्लायडर शून्यावर आणला की दोनेक सेकंदांत प्रोसेसरचा आलेख ताडकन वर, आणि थोड्या वेळात मांडी भाजायला लागे. गप्प बसायला कुणाला एवढे कष्ट पडलेले मी पाहिले नव्हते. (घरातल्या एका व्यक्तीचं मत वेगळं आहे.)

कारण असं निघालं. उरलेल्या अंतराचा हिस्सा चालणारा कधी पोचत नाही. अंतर लहान होतं, आणखी लहान होतं, पण उरतंच. दशांशचिन्हानंतर ३७ शून्यं येतील इतकी किंमत लहान झाली की संगणकाच्या नेहमीच्या दशांश पद्धतीत ती मावत नाही. मग अशा चिमुकल्या आकड्यांसाठी वेगळी, खास पद्धत सुरू होते आणि बऱ्याच प्रोसेसरांवर ती कैक पटींनी संथ असते. त्यातून माझी किंमत शेवटी अशा जागी अडकायची की तिचा ८८२वा हिस्सा काढला तर तो मोजण्याइतका उरायचाच नाही, म्हणजे ती पुढे सरकायचीही नाही आणि शून्यही व्हायची नाही. भोपळ्याच्या घुमाऱ्यासाठी मी दर आकड्याला शेकडो गुणाकार करत होतो. ते सगळे आता कुणालाही कधीही ऐकू न येणाऱ्या धुळीचे गुणाकार. उपाय म्हणजे दोन ओळी: प्रोसेसरला सांगायचं की इतक्या लहान आकड्यांना शून्य समज, आणि आपण स्वतःही शंभर डेसिबल खाली गेल्यावर हात झटकायचे.

एवढं करून नवी आवृत्ती मिरजेला पाठवली. दोन दिवसांनी फोन. "सरकवताना आता छान वाटतं. पण वरच्या अर्ध्यात काही होतच नाही, आणि खाली आलं की एकदम मरतं."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. रेडिओवाल्या काकांच्या दुकानात दोन वेगळ्या डब्यांत दोन तऱ्हेची कंट्रोलं असायची, एकावर 'लॉग' आणि दुसऱ्यावर 'लिनिअर'. आवाजाला लॉगच लावायचं. लिनिअर लावलंस तर गिऱ्हाईक परत येतं, ते म्हणायचे. कान फरक मोजत नाही, पट मोजतो. स्लायडर टोकापासून अर्ध्यावर आणला तर गणितात आवाज निम्मा झाला, पण कानाला तो सहाच डेसिबल उतरला, म्हणजे जाणवतो, पण निम्मा वाटत नाही. उरलेली सगळी घसरण खालच्या बोटभर जागेत. म्हणून स्लायडरच्या सरकण्याचा डेसिबलमध्ये हिशेब करायचा आणि मग गुणाकाराच्या किमतीत उतरवायचा. गंमत अशी की काकांची ती 'लॉग' कंट्रोलंही खरी लॉग नसायचीच. स्वस्तातल्या पट्टीवर वेगवेगळ्या रोधाचे दोन सरळ तुकडे जोडलेले असत, आणि कान तेवढ्यावर भागवून घेत असे.

डेसिबलमध्ये मोजायला लागलं की तळाशी एक अडचण येते: शून्य आवाज म्हणजे उणे अनंत डेसिबल. पटीपटीने उतरणारी रेषा शून्याला टेकतच नाही. ब्राउझरमधली तशा उताराची आज्ञा शून्य दिलं की सरळ चूक दाखवते. म्हणून जगभरच्या कोडमध्ये ०.०००१ असा एक चोरटा आकडा सापडतो. ऐंशी डेसिबल खाली, म्हणजे शून्यच समजा. मीही तसंच केलं. आत्याला माउस जमेना म्हणून तिच्यासाठी गोल बटणांचं एक लहानसं मिडी यंत्र आणलं, तेव्हा वेगळाच पेच. मिडी हा वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचा, १९८३ चाच करार आणि त्यात बटणाला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या. आवाजासाठी सुचवलेल्या कोष्टकाप्रमाणे १ वरून २ वर गेलं की एकदम बारा डेसिबलची उडी. तळाला पायऱ्या अशा, गडाच्या. आतला भाता असल्यामुळे निभावलं.

"आणि आवाज कमी केला की खर्ज पळतो," हा पुढचा फोन. खर्जाची तार सुमारे १०४ आंदोलनांची. तिथे माझा दोष नव्हता, कानाचाच स्वभाव तसा. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं होतं की आवाज लहान झाला की खालचे स्वर कानाला आधी सोडून जातात. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण याचसाठी असायचं. पातळी उतरेल तसा खर्ज किंचित उचलून धरायची सोय मी केली. "आता बसला," आत्या म्हणाली. "पण उचकी आहेच हं."

आहेच. एवढा खटाटोप करून मूळ दुखणं जागच्या जागी. स्लायडरला कुणी हातही लावलेला नसताना, तंबोरा आपला एकटा वाजत असताना, टक्.

दिवाळीत मिरजेला गेलो. पाडव्याच्या संध्याकाळी तिने गवसणी काढायला सांगितली. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, जवारीचे दोरे जागेवर आणले. खांद्यामुळे तिला तंबोरा उभा धरवेना म्हणून मी धरला आणि ती शेजारी बसून छेडू लागली. मधल्या बोटाने पंचम, मग तर्जनीने जोड, जोड, खर्ज. माझं तोंड तारांपासून वीतभर अंतरावर. लहानपणापासून हे शेकडो वेळा पाहिलेलं, पण प्रोग्राम लिहिल्यावर पहिल्यांदाच. आणि मला दिसलं की तार छेडली जाण्याच्या आधी क्षणभर गप्प होते. बोट आधी तारेवर टेकतं. टेकताच आधीचं कंपन बोटाच्या मऊ मांसात जिरतं. मग बोट निसटतं आणि तार नव्याने बोलते. मधला तो क्षण इतका छोटा की कानाला खंड जाणवत नाही, कारण बाकीच्या तीन तारा आणि भोपळा घुमतच असतात.

"तू दर वेळी तार आधी बंद करतेस," मी म्हणालो.

"बंद कुठे करते? बोट टेकल्याशिवाय छेडणार कशी?"

माझ्या प्रोग्राममध्ये बोट नव्हतंच. पंचमाची पुन्हा पाळी आली की मी त्या रांगेतले आधीचे आकडे पुसून थेट नवा गोंगाट भरत होतो. जुनी लाट त्या क्षणी टोकावर असेल तर तिथे कडा तुटायचा, शून्याजवळ असेल तर काही नाही. म्हणून उचकीला नेम नव्हता. शिवाय प्रत्येक छेड सारखी वाजू नये म्हणून मी जोर कमीजास्त ठेवला होता. जोराच्या छेडीत टक् झाकली जायची, कारण छेडीचा स्वतःचा गोंगाट तिच्यावर पांघरूण घालायचा. छेड हलकी आली की ती उघडी पडायची. चार महिने मी आवाजाच्या बटणाला दोष देत होतो आणि उचकी तारेच्या गळ्यातच होती.

तिच्या लॅपटॉपवर, फराळाचं ताट बाजूला सरकवून, तिथल्या तिथे कोड बदलला. नव्या छेडीआधी सहा मिलिसेकंद त्या तारेवर बोट: किंमत उतरत शून्यावर, मग नवा गोंगाट. अर्धा तास आम्ही दोघं काही न बोलता ऐकत बसलो. बाहेर फटाके होते, म्हणून पुन्हा रात्री ऐकलं. उचकी गेली.

इथेच थांबायला हवं होतं. पण गुळगुळीतपणाची चटक लागते. पुण्याला परतल्यावर मला वाटलं, जाण्याला उतार दिला तसा येण्यालाही चढ द्यावा. प्रत्येक छेड पंधरा मिलिसेकंदांत वर येईल असं केलं. हेडफोनवर ऐकलं तर स्वर्ग. कुठे कोपरा नाही, कड नाही. पट्टी बदलताना जुना सा विरतोय आणि नवा उगवतोय, दोन्हीची शक्ती मिळून तेवढीच राहावी म्हणून मी साइन आणि कोसाइनचे उतार वापरले होते. सरळ रेषांचे वापरले तर मध्यावर आवाज तीनेक डेसिबल खचतो, खड्ड्यातून गाडी गेल्यासारखा. मोठ्या अभिमानाने सगळं पाठवून दिलं.

आठवडाभर फोन नाही. शेवटी मीच केला.

"गोड आहे," ती म्हणाली. आत्या गोड म्हणते ते बहुतेक वेळा तक्रार म्हणून. "तार वाजतेय रे, पण छेडत कुणी नाहीये. बोट गेलं कुठे?"

तिचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. छेडीच्या सुरुवातीला तो खरखरीत क्षण असतो, गोंगाटाच्या पहिल्या दोन-चार फेऱ्या, तो खरं तर एक टक्च आहे. कडा तिथेही तुटतो. पण त्या तुटण्यावरून कान ओळखतो की हे वाद्य तारेचं आहे, बोटाने वाजतंय, लाकडावर घट्ट बसवलंय. तो काढला की उरतो तो ऑर्गनचा लांबच लांब सूर. संगणकावर सूर काढणाऱ्या सुरुवातीच्या प्रोग्रामांपैकी एक मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. आयबीएम ७०४ या संगणकावर त्याने सतरा सेकंदांची चाल वाजवली. त्यात स्वराला चढही नव्हता आणि उतारही, ठोकळ्यासारखा सुरू आणि ठोकळ्यासारखा बंद. तिथून पुढे संगणकाच्या स्वराला वळण देण्यात लोकांनी वर्षानुवर्षं घातली, आणि मी घरी बसून एका तारेचं सगळं वळण पुसून टाकलं होतं. मॅथ्यूज यांच्याकडे निदान सोय नव्हती.

चढ काढून टाकला. स्लायडरला ३० मिलिसेकंद ठेवले. त्याहून जास्त दिले की हात पुढे आणि आवाज मागे असं होतं, ते तिला लगेच खटकतं. बंद करण्याच्या बटणाला १०, पट्टी बदलायला पाव सेकंद. रियाज संपल्यावरच्या विरण्याला चार सेकंद, हा आकडा तिने ठरवला. का चार, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. छेडीला शून्य.

आता फक्त एक टक् उरली आहे आणि ती माझ्या हातात नाही. तंबोरा वाजत असताना लॅपटॉपचं झाकण मिटलं की यंत्र झोपी जाताना आवाजाचा नळ मधूनच तोडतं. माझ्या कोडला उतरायला दहा मिलिसेकंदही मिळत नाहीत. बरेच उपाय करून पाहिले, एकही धड लागू पडला नाही. गेल्या महिन्यात मिरजेला गेलो होतो तेव्हा पाहिलं, आत्या रियाज संपवून बटण फिरवत खाली आणते, पूर्ण थांबते, क्षणभर कान देते आणि मग झाकण मिटते. शिकायला आलेली एक मुलगी घाईत तसंच मिटायला गेली तर तिने तिचा हात धरला.

"आधी उतरव," म्हणाली. "गवसणी मग."